तारीख उलटली, आता काय?

गरोदर बाईला पाटससारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "डॉक्टरांनी तारीख कितीची दिलीय?" माता-बाल कार्डावर लिहिलेली ही अपेक्षित प्रसूती तारीख (बाळ येण्याचा अंदाजे दिवस) ठरलेला दिवस समजली जाते. तो उलटला की घरात धावपळ, नाहीतर थेट सिझेरियनचा आग्रह.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ही तारीख काढतात. आपल्याकडचे 'नऊ महिने नऊ दिवस' त्याच्या जवळचेच. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. 37 आठवडे पूर्ण झाल्यापासून 42 व्या आठवड्यापर्यंत बाळ येणे स्वाभाविक असते. ऊसवाल्या भागात हे समजायला सोपे आहे: ऊसतोडीची तारीख कळते, पण तोडणाऱ्यांची टोळी मागेपुढे येते. मात्र तोड महिनाभर लांबली तरी चालवून घेतात, इथे तशी ढिलाई नको. 41 आठवड्यांनंतर वारेचे (बाळाला पोषण पुरवणारा अवयव) काम मंदावू शकते, म्हणून डॉक्टर तपासून कळा आणण्याचा सल्ला देतात.

दर सोनोग्राफीत तारीख बदलते, हाही एक गैरसमज. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सर्वांत विश्वासार्ह. पुढच्या तपासण्यांत बाळाची वाढ पाहतात.

पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल कमी जाणवली, तर कोणत्याही तारखेची वाट न पाहता 102 किंवा 108 वर फोन करून रुग्णालय गाठा.