मागाआधीचा चरखा

कर्जत तालुक्यातल्या मिरजगावपासून चौंडी फार लांब नाही. 31 मे 1725 रोजी तिथल्या धनगर घरात अहिल्याबाई होळकर जन्मल्या. पुढे त्यांनी महेश्वरला विणकर वसवले आणि महेश्वरी साडी नावारूपाला आली. त्यांच्या माहेरच्या माळाचं वस्त्र मात्र घोंगडी.

कर्जत-जामखेडचा हा पट्टा पर्जन्यछायेतला. इथल्या खुरट्या गवतावर तगून राहते ती दख्खनी मेंढी. तिची लोकर राठ, बहुतेक काळी. घोंगडीला रंग द्यावा लागत नाही. काळा, पांढरा, तपकिरी, जो मेंढीच्या अंगावर तोच विणीत. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यांत मऊ.

सणगर आणि खुटेकर घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. सूत बायकांनी काढायचं, विणायचं पुरुषांनी. नाव झालं मागाचं. खरी विद्या मला त्याआधी चरख्यावरच दिसते. राठ लोकरीचे तंतू सुताबाहेर येतात, एकमेकांत गुंततात. पीळ सैल पडला की ताणा तुटलाच. म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात: चिंचोके भिजवायचे, टरफल काढायचं, वाटायचे, शिजवायचे, आणि ती चिकी कुंच्यानं सुतावर ओढायची. उन्हात सूत ताठ होतं, तंतू बसतात. मग विणकर खड्डामागावर बसतो, पाय खड्ड्यात. नवी घोंगडी अंगाला टोचते ती या खळीमुळेही. वापरता वापरता ती मवाळ होते.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावी स्पॅनिश वंशाची घरं अशीच पिढीजात घोंगड्या विणतात. त्यांचा विणकर उभ्यानं पावड्या दाबतो. 1598 मध्ये स्पॅनिश लोकांबरोबर चुरो मेंढ्या त्या मुलखात आल्या. विसाव्या शतकात त्या संपत आल्या, तेव्हा लोकांनी आधी मेंढी जपायला घेतली. मला ते फार शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडे पानिपतचं चिंध्यांच्या लोकरीचं स्वस्त ब्लँकेट आलं आणि राठ लोकरीला गिऱ्हाईक उरलं नाही. कातरणावळही सुटत नाही, तिथे सूत कोण काढणार?

आणि ही लोकर तर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ऊब सोडत नाही. ‘भिजत घोंगडं’ आपण रेंगाळलेल्या कामाला म्हणतो. पावसात मेंढ्यांमागे उभा असलेला धनगर तेच भिजलेलं घोंगडं डोक्यावरून खोळ करून घेतो.