वखारींतील थप्पीची पाटी

शेतमाल पिकविण्यास लागणारी दक्षता तो वखारींत राखण्यासही लागते, हें आम्ही शेतकरीबंधूंस पुनःपुन्हां सांगत आलों आहों. मुंबईंतील कापसाचा व्यापार याचें चांगलें उदाहरण आहे. कुलाब्यास भरणारा हा बाजार १९२० नंतरच्या दशकांत परळजवळ शिवडीस गेला. कॉटन ग्रीन हें स्थानकाचें नांव त्याचीच खूण होय. तेथील गोदामांत रचलेल्या गांठी बाहेरून सारख्याच दिसत. आंतील कापूस कोणता व कोणाचा, हें गांठीवर उमटविलेल्या खुणेवरूनच ओळखावें लागे.

धान्याच्या पोत्यांसही हाच नियम लागू आहे. प्रत्येक थप्पीच्या दर्शनी बाजूस पाटी असावी व तींत थप्पीचा क्रमांक, मालाची जात व प्रत, पोत्यांची संख्या, आणि आवक व धुरी यांच्या तारखा असाव्या. तोच क्रमांक जमिनीवर वा भिंतीवर रंगवावा. केवळ पोत्यावर खडूनें लिहिल्यास पोत्याबरोबर तोही निघून जातो. तारखा असल्या म्हणजे जुना माल आधीं बाहेर पडतो आणि किडीस फावत नाहीं.

२००७ च्या केंद्रीय वखार कायद्यानें नोंदणीकृत वखारीची पावती हस्तांतरणीय होऊं शकते. तिच्यावर तारण कर्जही मिळतें. परंतु पावती व पाटी यांवरील आंकडे जुळले नाहींत, तर आपलाच माल आपला म्हणून दाखविणें कठीण होतें. म्हणून माल ठेवून घरीं परतण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या थप्पीची पाटी स्वतः वाचावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.