निकलसचा अठरावा

१९८६ च्या एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धेच्या तोंडावर अटलांटाच्या एका दैनिकाने गोल्फपटू जॅक निकलसला मोडीत काढलं. स्पर्धेसाठी ऑगस्टामध्ये तो ज्या घरात उतरला होता, तिथल्या फ्रिजवर एका मित्राने मुद्दाम ते कात्रण चिकटवून ठेवलं. लेख बोचरा होता, पण अगदीच अनाठायी नव्हता. निकलस ४६ वर्षांचा झाला होता. १९८० साली त्याने यूएस ओपन आणि पीजीए या दोन्ही मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या, स्पर्धा जिंकल्या. त्यानंतर मात्र मेजरची पाटी कोरीच होती.

ओहायोतल्या कोलंबसच्या या मुलाने व्यावसायिक म्हणून पहिलं विजेतेपद मिळवलं तेच मुळी मेजर स्पर्धेत. १९६२ ची यूएस ओपन, मैदान ओकमाँट, प्लेऑफमध्ये समोर अर्नोल्ड पामर. पामर ओकमाँटच्याच भागातला, लोकांच्या गळ्यातला ताईत. त्याला हरवणारा हा २२ वर्षांचा स्थूल पोरगा प्रेक्षकांना मुळीच रुचला नाही. लोकांची मनं वळायला वेळ लागला. १९८० पर्यंत त्याच्या नावावर १७ मेजर जमा झाल्या होत्या.

१९८६ च्या त्या मास्टर्समध्ये १३ एप्रिलच्या रविवारी शेवटची फेरी सुरू झाली, तेव्हा तो ग्रेग नॉर्मनच्या चार फटके मागे होता. कॅडी होता थोरला मुलगा जॅकी. नवव्या, दहाव्या, अकराव्या होलवर सलग बर्डी झाल्या, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एकेक फटका कमी. बाराव्यावर एक फटका गेला, तेराव्यावर परत मिळाला. पंधराव्यावर ईगल. सोळाव्यावर त्याने पाच नंबरच्या आयर्नने चेंडू मारला आणि तो हवेत असतानाच खाली वाकून टी उचलली. चेंडू होलला जवळजवळ चाटून तीनेक फुटांवर थांबला. सतराव्यावर चेंडू होलमध्ये पडण्याआधीच पटर धरलेला डावा हात वर गेला होता. शेवटच्या नऊ होलना ३० फटके, दिवसाचे ६५.

तरी निकाल बाकी होता; प्रतिस्पर्धी अजून मैदानात होते. सेवे बॅलेस्टेरोसचा चेंडू पंधराव्यावर पाण्यात गेला. टॉम काइटचा शेवटचा पट हुकला. नॉर्मन सलग चार बर्डी करत बरोबरीत आला आणि अठराव्यावर त्याने चेंडू थेट प्रेक्षकांत घातला. निकलस एका फटक्याने जिंकला. सहावी मास्टर्स, अठरावी मेजर.

या विजयाला चमत्कार म्हणायची पद्धत पडली आहे. मला तो नेहमीच्या निकलसचा विजय वाटतो. मेजर स्पर्धांत तो १९ वेळा दुसरा आला. म्हणजे वर्षानुवर्षं तो शेवटच्या दिवशी झुंजीत असायचाच, आणि समोरच्याचा तोल गेला की फळ याच्या पदरात पडायचं. ऑगस्टालाही तेच झालं. त्या दिवशी फक्त त्याने आधी स्वतः दडपण आणलं आणि मग इतरांच्या चुकांची वाट पाहिली.

पुढेही तो सहजासहजी बाजूला झाला नाही. १९९८ मध्ये, ५८ व्या वर्षी, तो मास्टर्समध्ये संयुक्त सहावा आला. २००५ मध्ये सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनमधून निरोप घेताना पहिल्या दोन फेऱ्यांतच बाद झाला, पण अखेरच्या होलवर बर्डी करूनच गेला. २०१९ मध्ये टायगर वुड्सने ४३ व्या वर्षी मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याच्या मेजर १५ झाल्या. पण मास्टर्सचा सर्वांत वयस्क विजेता आजही निकलसच आहे. १८ चा विक्रम कदाचित कधीतरी मोडेल. पण १८ विजय आणि १९ उपविजेतेपदं, म्हणजे ३७ वेळा पहिल्या दोघांत असणं, हे गाठणं त्याहून कितीतरी अवघड आहे.