नवें यंत्र आधीं कोणाच्या हातीं?

वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशीं एखाद्या मुलाच्या हातीं प्रश्नपत्रिका पडली, तर तो इतरांवर अन्याय झाला हें लहान मुलासहि समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु त्याच मुलास नव्या तऱ्हेची कंपासपेटी इतरांच्या आधीं तीन महिने मिळाली असेल, तर काय म्हणावें? यंत्रमानवांच्या शालेय स्पर्धांत हा प्रश्न खरोखरीच उद्भवतो. वरच्या वर्गांतील मुलांस अशा स्पर्धांची गोडी लागत असल्यामुळें त्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या स्पर्धा भरविणाऱ्यांत फर्स्ट ही अमेरिकन संस्था विशेष प्रसिद्ध आहे. डीन केमन या संशोधकानें ती १९८९ सालीं स्थापिली. १९९२ सालीं न्यू हॅम्पशायर संस्थानांतील एका शाळेच्या व्यायामशाळेंत पहिली स्पर्धा झाली, तेव्हां अवघे २८ संघ होते. पुढें ही संख्या तीन हजारांवर गेली, व मुंबईच्या मुलांनींहि तींत भाग घेतला आहे. दर जानेवारींत नवा खेळ जाहीर होतो. तोंवर तो गुप्त असतो. मग कांहीं आठवड्यांत मुलांनीं त्या खेळाजोगा यंत्रमानव रचावयाचा. त्याच्या पोटांत नियंत्रक म्हणून एक लहानसा संगणक असतो. चाक केव्हां फिरावें, हात केव्हां उचलावा, हें तो ठरवितो. सर्व संघांनीं नियंत्रक मात्र एकाच प्रकारचा वापरावा, असा नियम आहे.

हा नियंत्रक कांहीं वर्षांनीं बदलावा लागतो. २००९ च्या हंगामांत नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचा सीरिओ आला, २०१५ मध्यें त्याच कंपनीचा रोबोरिओ; आणि २०२७ च्या हंगामासाठीं सिस्टमकोअर नांवाचा नवा नियंत्रक निवडण्यांत आला आहे. कारखान्यांत कितीहि तपासलें, तरी नव्या यंत्राचे कांहीं दोष सैल तारा आणि घाईचे हात यांची गांठ पडल्यावांचून दिसतच नाहींत. म्हणून तें सर्वांस देण्यापूर्वीं थोड्या संघांस वापरावयास देतात. ग्रीक वर्णमालेंतील दुसऱ्या अक्षरावरून या चांचणीस बीटा म्हणतात. रोबोरिओची अशी चांचणी २०१४ च्या शरदृतूंत झाली.

ज्यांस यंत्र मिळालें नाहीं ते कुरकुरतात, व त्यांची कुरकुर अगदींच पोकळ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रश्नपत्रिका फुटलेली नसते हें खरें. जानेवारींतला खेळ कोणता, हें बीटा संघासहि ठाऊक नसतें. शिवाय त्याच्या वांट्यास येतें तें अर्धवट यंत्र, अपुऱ्या सूचना, आणि काय बिघडलें हें लिहून कळविण्याचें काम. तरी पण हाताची संवय ही मोठी वस्तु आहे. पेटी उघडून दिवा लागेपर्यंत दुसऱ्या संघाचे चार दिवस जातात, त्या चार दिवसांत बीटा संघाचा यंत्रमानव चालूं लागलेला असतो. ही संवय कोणत्याहि अहवालानें दुसऱ्यास देतां येत नाहीं.

मग चांचणीच बंद करावी काय? तसें केल्यास सर्वजण सारखे होतील खरे, पण सारखे अडचणींत. आणि त्या अडचणींतून आधीं बाहेर पडेल तो अर्थात् ज्याच्या पाठीशीं चार अनुभवी अभियंते आहेत तोच संघ. केवळ नियमानें समता आणूं पाहिली म्हणजे काय होतें, याचा या स्पर्धेंतच एक दाखला आहे. २०१९ पर्यंत ठराविक दिवशीं यंत्रमानव पिशवींत घालून मोहोरबंद करावा लागे, हेतु हा कीं सर्वांस वेळ सारखा मिळावा. पैसेवाले संघ काय करीत? तसाच दुसरा यंत्रमानव बनवून त्यावर सराव चालूं ठेवीत! २०२० च्या हंगामापासून तो नियम काढून टाकण्यांत आला.

आमच्या मतें खरा प्रश्न निवडीचा आहे. चांचणीस पहिल्या प्रतीचेच संघ घेतले, तर ज्यांस मुळांतच लाभ होता त्यांच्याच पदरांत आणखी लाभ पडतो, एवढेंच नव्हे, तर चांचणीहि कच्ची राहते. सूचनेंतील एखादें वाक्य संदिग्ध असेल, तर जाणता अभियंता तें अडखळतां ओलांडून जातो व त्याची नोंदहि करीत नाहीं. त्याच वाक्यापाशीं एक शिक्षक आणि आठ नवखीं मुलें संध्याकाळभर अडून बसतात. दोष शोधणें हाच हेतु असेल, तर हे आठजण मोठे कामाचे आहेत. वर्गांत गणित समजलें कीं नाहीं हें आम्हीं पहिल्या बांकावरील मुलास विचारून ठरवीत नाहीं. (कधीं ठरवितों, आणि मग पस्तावतों.) यास्तव लहान, नव्या व दूरच्या संघांस चांचणींत राखून जागा असाव्या, आणि जें आढळेल तें सर्व संघांस लागलीच वाचावयास मिळावें.

आज्ञावलीची गोष्ट मात्र निराळी आहे. यंत्रें मोजकींच घडतात, पण आज्ञावलीची नक्कल कितीहि काढावी. डब्ल्यूपीआयलिब नांवाची जी आज्ञावली हे संघ वापरतात, तिची बीटा आवृत्ति हंगामापूर्वीं सर्वांसच खुली असते, सबब तेथें निवडीचा तंटा उद्भवत नाहीं. शिवाय यंत्रमानव जवळ नसतांहि त्याच्या हालचाली संगणकावर आभासरूपानें चालवून पाहण्याची सोय तींत आहे. ज्या मुलांस या विषयाची आवड असेल, त्यांस नियंत्रकाची वाट न पाहतां येत्या सुटींत घरच्या संगणकावर आरंभ करतां येईल.