घोरपडीच्या काखेतली गोचीड

वळवाचा पहिला पाऊस पडला की पुण्यात कोथरूडच्या सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. पार्किंगमध्ये धामण, मीटरच्या पेटीमागे नाग, कुंपणाच्या भिंतीला चिकटून बसलेली घोरपड. एका अंगाला म्हातोबाची टेकडी, दुसऱ्या अंगाला एआरएआयची आणि दोन्हींच्या उतारांवर चढत गेलेल्या इमारती, त्यामुळे या गाठीभेटी होणारच. साप पकडला जातो, मोबाईल वर होतात, "विषारी आहे का हो?" असं कुणीतरी विचारतं आणि धामण आहे म्हटल्यावर गर्दी पांगते. त्या धामणीच्या अंगावर आणखी कोण बसलंय, हे सहसा कुणी पाहत नाही.

पाहिलं तर दिसतं. एखाद्या खवल्याची कड किंचित उचललेली असते आणि तिच्याखाली मसुरीएवढी तपकिरी चकती रुतलेली असते. घोरपडीच्या अंगावर काख, शेपटीचं मूळ, नाकपुड्या आणि कानाचं भोक इथे शोधावं, कारण कातडी मऊ असेल तिथे गोचीड बसते. भारतात साप आणि घोरपडींवर नेहमी सापडणाऱ्या एका जातीचं नाव ॲम्ब्लिओमा जर्व्हेसी. गाईगुरांवरच्या गोचिडीपेक्षा हिची सोंड लांब, त्यामुळे घाईने ओढली तर धड हातात येतं आणि सोंड कातडीत राहते.

या गटातल्या गोचिडी आयुष्यात तीनदा जेवतात. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू एका प्राण्याचं रक्त पितं, जमिनीवर पडतं, कात टाकून आठ पायांचं होतं. मग दुसरा प्राणी, पुन्हा जमीन, पुन्हा कात, आणि प्रौढ झाल्यावर तिसरा. पहिल्या जेवणात पोटात गेलेला जंतू कात टाकल्यावरही टिकला, तर पुढच्या प्राण्याच्या रक्तात उतरतो. रिकेट्सिया गटातले काही जंतू तर मादीकडून थेट अंड्यांत जातात, म्हणजे पिल्लू जन्मतःच जंतू घेऊन येतं. गोचीड एवढी चिवट वाहक ठरते ती यामुळेच.

सरपटणाऱ्या प्राण्याची गोचीड माणसाला आजारी पाडू शकते, याचा सर्वांत स्पष्ट दाखला ऑस्ट्रेलियात मिळाला. टास्मानियाच्या उत्तरेला फ्लिंडर्स नावाचं बेट आहे. तिथले डॉक्टर रॉबर्ट स्टुअर्ट यांच्याकडे दर उन्हाळ्यात ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि अंगावर पुरळ घेऊन रुग्ण येत. त्यांनी हे रुग्ण नोंदवून ठेवले आणि १९९१ साली अशा २६ जणांची हकिगत प्रसिद्ध केली. जंतू सापडला, त्याला रिकेट्सिया होनेई असं नाव मिळालं, आणि २००३ मध्ये त्याचा मुक्काम कुठे आहे तेही कळलं: निळ्या जिभेच्या सरड्यांवर आणि तिथल्या सापांवर वाढणाऱ्या गोचिडीत. एका बेटावरच्या साध्या डॉक्टरने वर्षानुवर्षं चिकाटीने नोंदी ठेवल्या म्हणून हा धागा हाती लागला, हे मुद्दाम सांगायला हवं.

दुसरा दाखला व्यापारातला. १९७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये घानाहून आयात केलेल्या बॉल पायथन अजगरांच्या अंगावरच्या गोचिडी काढणारे कामगार तापाने आजारी पडले. संशय क्यू फिवरवर गेला. त्याचा जंतू, कॉक्सिएला बर्नेटी, श्वासावाटेही शरीरात शिरतो आणि गोचिडीच्या विष्ठेत मोठ्या संख्येने असतो. त्यामुळे चावा न घेताही गोचीड घात करू शकते. ती बोटांत चिरडणं पुरेसं होतं. हाच जंतू आपल्याकडच्या सरपटणाऱ्या प्राण्यांनाही अनोळखी नाही. उत्तर प्रदेशातल्या थंड रक्ताच्या प्राण्यांमध्ये क्यू फिवरचा माग काढणारा अभ्यास १९७९ सालीच प्रसिद्ध झाला आहे.

फ्लोरिडात धास्ती गुरांची होती. आफ्रिकेतून पाळण्यासाठी आणलेल्या कासवांवरच्या गोचिडींत हार्टवॉटर या गुरांच्या जीवघेण्या रोगाचा जंतू सापडला आणि २००० साली अमेरिकेने बिबट्या कासवासह काही जातींची आयातच थांबवली.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या एका जातीच्या सरड्याच्या रक्तात, गोचिडीतून पसरणाऱ्या लाइम रोगाचे जंतू मरतात, असं १९९८ मध्ये दिसलं. त्याचं रक्त प्यायलेली गोचीड जंतुमुक्त होते. मग सरडे वाढले की रोग कमी होणार? २०११ मध्ये संशोधकांनी काही जागांवरून सरडे हटवून पाहिले, तर तिथे गोचिडीच कमी झाल्या, कारण पिल्लांना दुसरा आसरा पुरेसा मिळाला नाही. एकच सरडा गोचिडीला पोसतो आणि निर्मळही करतो. "साप मारा, रोग टळेल" असा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही.

हे सगळं समजून घ्यायला पुण्याइतकी योग्य जागा क्वचितच असेल. एआरएआयच्या टेकडीपलीकडे, पाषाणला, राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९५२ मध्ये व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेल्या या संस्थेने १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडं का मरताहेत याचा छडा लावला. जंगलात जमिनीवरून कापड फरफटत न्यायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी वेचायच्या आणि प्रयोगशाळेत तपासायच्या, अशी ती किचकट कामं. त्यातून माकडतापाचा विषाणू आणि त्याची वाहक गोचीड हाती लागली. २०१६ मध्ये हाच ताप सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात पसरला, तेव्हा ते जुनं ज्ञान कामी आलं. माकडतापाची गोचीड सापाघोरपडींची नव्हे. पण मेलेलं माकड लोकांच्या डोळ्यांत भरतं, तशी मेलेली धामण भरत नाही. तिच्या अंगावरची गोचीड प्रयोगशाळेपर्यंत पोचवायला कुणीतरी ठरवूनच उठावं लागतं.

टेकडीवर फिरायला जाणाऱ्याने घोरपडीला घाबरायचं कारण नाही. ती माणूस दिसताच बिळात शिरते आणि तिच्या गोचिडीची पहिली पसंती खवल्यांनाच असते. धोका वाढतो तो हाताळण्यातून. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही मांसासाठी आणि 'हत्ताजोडी' या तोडग्याच्या मुळीच्या नावाखाली अवयव विकण्यासाठी मारली जाते. पूर्वी घुमट आणि डिमडी मढवायलाही तिचंच कातडं लागे. 'लक्ष्मी येते' म्हणून चांदणी कासव घरात लपवून ठेवणारी कुटुंबं शहरात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे कासवही पहिल्या अनुसूचीत आलं आहे. जंगलातून उचललेल्या कासवासोबत त्याची गोचीडही दिवाणखान्यात येते, आणि तिथे लहान मुलं त्या कासवाशी खेळत असतात.

सर्पमित्रांसाठी नियम साधे आहेत. हातमोजे घालावेत. गोचीड बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल, जळती काडी यांपैकी काहीही लावू नये आणि ती नखाने चिरडू नये. हात साबणाने धुवावेत. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, विशेषतः तळहात-तळपायांवर पुरळ उठलं, तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगावं. रिकेट्सियाच्या तापावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध चांगलं लागू पडतं, पण निदान हुकलं तर रुग्ण दगावू शकतो. म्हणूनच लक्षणांना गुण देऊन हा ताप लवकर ओळखण्याची एक पद्धत अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये सुचवली.

आणि काढलेली गोचीड फेकून देऊ नये. चांदणी चौकापलीकडे बावधनला रेस्क्यू संस्थेचं उपचार केंद्र आहे; शहरातले जखमी साप, घोरपडी, कासवं तिथे येतात. अल्कोहोलची छोटी बाटली, तिच्यावर प्राण्याचं नाव, सापडल्याची जागा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी, एवढंच साहित्य लागतं. अशा बाटल्या दोन-तीन पावसाळे साठल्या, तर कोथरूडच्या धामणीवरची गोचीड कोणती आणि तिच्या पोटात काय आहे, हे तपासायला पाषाणच्या संशोधकांना एक कपाटभर सामग्री मिळेल.