गुलमर्ग की नालदेहरा? आधी प्रश्न ठरवा!

समजा, तुम्ही हिमालयात फिरायला चाललात आणि तिथे गोल्फ खेळायचंय. गुलमर्गचं मैदान साधारण 2650 मीटर उंचीवर, शिमल्याजवळचं नालदेहरा साधारण 2200 मीटरवर. कुठे जाल?

प्रश्न 'चेंडू लांब कुठे जाईल?' असेल, तर उंची बघा. गुलमर्गला हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा जवळपास पाव भागाने कमी असते, म्हणून चेंडूला होणारा विरोध घटतो. पण चेंडू त्याच प्रमाणात लांब जात नाही, कारण विरळ हवेत फिरत्या चेंडूला मिळणारी उचलही कमी होते.

मग दोन्हीकडे फटके मारून तुलना करायची? थांबा. नालदेहरा देवदारांमधल्या चढउतारांवर आहे, गुलमर्ग त्यामानाने मोकळ्या कुरणात. अंतरातला फरक उंचीमुळे की उतारामुळे, हे कसं सांगणार?

माझ्या पहिल्या संशोधन प्रस्तावात नेमकं हेच झालं. जागा आधी ठरवली, प्रश्न नंतर शोधला. सहा महिन्यांची मोजमापं वाया गेली.

म्हणून प्रस्ताव लिहायला बसलात की पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: मला काय मोजायचंय? आणि बाकी काय सारखं ठेवायचंय? जागा मग आपोआप ठरते.