खाऱ्या हवेतला शॉकअप

शिरोड्याच्या मिठागरांत समुद्राचं पाणी वाफ्यांत घेतात, उन्हात ते आटतं आणि मीठ खाली उरतं. १९३० साली सत्याग्रही इथे आले ते याच मिठासाठी. मीठ इथल्या वाऱ्यातही आहे. वेळागराच्या बाजूला पडवीत लावलेल्या प्रत्येक सायकलवर ते बसतं आणि तिथेच ओलं राहतं. निव्वळ मिठाचा कण हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळायला लागतो. समुद्री मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रता पुरते. किनाऱ्यावरची हवा इतकी कोरडी क्वचितच होते. त्यामुळे धातूवरचा हा खारा थर भर उन्हाळ्यातसुद्धा पुरता सुकत नाही.

गिअरवाल्या जुन्या सायकलीत याचा सगळ्यात वाईट फटका बसतो तो पुढच्या शॉकअपला. त्याच्या वरच्या चकचकीत नळ्या खालच्या जाड पायांत सरकतात आणि जोडावर रबराचं सील असतं. स्वस्त शॉकअपमध्ये या नळ्या पोलादाच्या, वर क्रोमचा मुलामा. क्रोमच्या थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. त्यांतून क्लोराइड आत शिरतं, खालचं पोलाद गंजतं आणि गंज फुगून क्रोमला खालून उचलतो. सीलच्या अगदी वर नखाने खरवडून पाहा. बारीक खळगे लागले तर तो शॉकअप संपला म्हणायचा. खळग्याची कड सीलला कापत जाते, पाणी आत उतरतं आणि ग्रीसचा चिखल होतो.

नवीन घेण्याआधी दोष खरोखर शॉकअपचाच आहे ना, हे तपासून घ्या. पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवा. एक हात हँडलखालच्या बॉल रेसवर ठेवा, मग सीलवर. खडखड बॉल रेसमध्ये लागली तर काम थोडक्यात भागतं. सीलपाशी लागली तर आतले बुश झिजले आहेत.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात स्प्रिंग बसवून डोंगरी सायकल पळवायची ही गोष्ट तशी अलीकडची. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा शॉकअप १९८९ चा. १९९० मध्ये ड्युरँगो इथल्या जागतिक स्पर्धेत नेड ओव्हरएंड त्याच्यावर जिंकले आणि बिनस्प्रिंगच्या चिमट्याचे दिवस फिरले. आरएस-१ मध्ये हवेचा दाब स्प्रिंगचं काम करत होता आणि तेल उसळी आवरत होतं. आज स्वस्त शॉकअप घेताना तेलाचा हा अर्धा भाग नेमका गाळलेला असतो आणि गिऱ्हाइकाला ते कुणी सांगत नाही.

तेल का हवं, हे आकड्यांत पाहू. तुम्ही सायकलवर बसलात आणि शॉकअप २० मिलिमीटर दबला, तर नुसत्या स्प्रिंगवर तो सेकंदाला साधारण साडेतीन वेळा वरखाली होऊ पाहतो. ताशी १५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला सुमारे ४.२ मीटर जाते. म्हणजे रस्त्यावर साधारण १.२ मीटरवर उंचवटे आले की त्यांचा ताल आणि स्प्रिंगचा ताल जुळतो आणि हँडल आणखी उसळतं. ही उसळी खाणारं काहीतरी आत हवं. तेल बारीक छिद्रांतून जातं तेव्हा हालचाल जितकी वेगाने, तितका विरोध जास्त. धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन विरते. बिनतेलाच्या शॉकअपमध्ये हे काम घर्षणावर सोडलेलं असतं. घर्षण वेग ओळखत नाही. छोट्या खडीवर ते शॉकअपला हलूच देत नाही, उलट मोठा खड्डा आला की कमी पडतं. शिरोड्याहून रेडीकडे किंवा आरवलीकडे जाताना हाताला लागतो तो बारीक खडखडाटच. म्हणून असा शॉकअप इथे वजन वाढवतो, आराम देत नाही.

दुकानात पारख करायला अवजारं लागत नाहीत. हँडल जोरात दाबून सोडा. शॉकअप टक् आवाज करत एकदम वर आला तर आत तेल नाही असं समजा. संथ परत आला आणि शॉकअपच्या पायाच्या तळाचं रिबाउंडचं बटण फिरवल्यावर परतायचा वेग बदलला, तर पैसे द्यायला हरकत नाही. वरच्या लॉकआउटच्या बटणाला भुलू नका. ते फक्त हालचाल बंद करतं. किती मिलिमीटर दबतो हा आकडा दुकानदार मोठ्याने सांगतात, पण तेल घातलेला ८० चा शॉकअप बिनतेलाच्या १२० च्या शॉकअपपेक्षा मला केव्हाही चांगला वाटतो.

त्यात जुन्या फ्रेमला १२० चा बसवणं धोक्याचंही आहे. आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची लांबी २० मिलिमीटरने वाढली की दोन चाकांत साधारण एक मीटर अंतर असलेल्या सायकलचं डोकं सुमारे एक अंशाने मागे कलतं. वळताना हँडल सुस्त होतं आणि फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर जास्त ताण येतो. लांबी जुन्या शॉकअपइतकीच ठेवावी.

खरा अडसर मात्र शॉकअपच्या वरच्या, फ्रेममध्ये शिरणाऱ्या दांड्याचा. जुन्या सायकलींत तो वरपासून खालपर्यंत सरळ, बहुधा २८.६ मिलिमीटरचा. आजचे चांगले शॉकअप खाली ३८.१ पर्यंत रुंद होत जातात आणि जुन्या फ्रेममध्ये शिरतच नाहीत. म्हणून २६ इंची चाकासाठी सरळ दांड्याचं नवं मिळतं ते बहुतेक खालच्या किमतीतलं. दांड्याला वर आटे असतील आणि नव्याला नसतील, तर बॉल रेस आणि हँडलचा स्टेमही बदलावा लागेल. तो खर्च आधी धरा. जुना वापरलेला घेत असाल तर दांडा किती कापला आहे ते मोजा, कारण आखूड दांड्याला जोड देता येत नाही. रिमवर चालणारा व्ही-ब्रेक असेल तर त्याचे खुंट शॉकअपवर हवेत, डिस्क असेल तर कॅलिपरची जागा.

धातूचा विचार किनाऱ्यावर उलटा करावा लागतो. महागडे शॉकअप हलके असतात कारण त्यांचे खालचे पाय मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असतात. मॅग्नेशियम हा फार लवकर गंजणारा धातू. रंग उडाला, शेजारी पोलादाचा बोल्ट आणि मधे खारं पाणी असलं की विजेची छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात मॅग्नेशियम खर्ची पडतं. शिरोड्यात राहणाऱ्याने कोणताही शॉकअप घेतला तरी पुळणीवरून आल्यावर गोड्या पाण्याने हलकेच धुवावा, नळ्या पुसाव्यात, सीलवर शॉकअपच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत. जोरदार फवारा नको, तो पाणी सीलच्या आत ढकलतो.

आणि बजेट तेलाच्या शॉकअपपर्यंत पोचतच नसेल, तर माझा सल्ला सरळ पोलादी चिमट्याचा. त्यात सील नाही, बुश नाही, सरकणारी नळी नाही. मिठाला धरायला जागाच थोडी. साध्या स्प्रिंगच्या शॉकअपचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं, चिमटा त्याच्या निम्म्याने भरतो. बारीक खडखडाट २.१ इंची टायर थोडी हवा कमी ठेवून बऱ्यापैकी खातो. फक्त लांबी जुळवून घ्या: २६ इंची चाकाचा १०० मिलिमीटरचा शॉकअप मोकळा असताना साधारण ४७० भरतो, पण तुम्ही बसल्यावर वीसएक मिलिमीटर दबतो, म्हणून त्याच्या जागी ४४५ ते ४५० चा चिमटा हवा. बसवण्याआधी दांड्याच्या आतून तेलाचा हात फिरवा आणि खालच्या बॉल रेसला ग्रीस सढळ भरा.